शनिवारची हजेरी

आमच्या वर्गातलं कुणी शाळेत आलं नाही की आम्ही चार-पाच जण त्याला आणायला घरी जायचो. चालत आला तर ठीक, नाहीतर हातपाय धरून उचलून आणायचो. आज हे सांगितलं तर नातवंडांना खोटं वाटतं, पण तेव्हा गावात कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. उलट आयाच आम्हाला फितूर व्हायच्या. "कणगीच्या मागं बसलाय मुडदा, न्या उचलून," असं भाकरी थापता थापता सांगायच्या. मग चौघांच्या हातात लोंबकळणारं, शिव्या देणारं ते पोर शाळेकडे निघालं की पारावरची माणसं हसून त्याच्या बापाला हाका मारायची. मी आधी त्या चौघांत होते, सातवीत गेल्यावर त्यांची म्होरकी झाले. त्या वर्षी जे घडलं ते मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आता लिहायला बसलेच आहे तर तेवढंच वगळून पुढे जाणं ही लबाडी होईल.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. शाळा सातवीपर्यंत, चार खोल्या आणि एक लांब पडवी. फरशी नव्हती, जमीन शेणानं सारवलेली. पुस्तकं होती, पण आमचं निम्मं शिकणं पुस्तकाबाहेर चालायचं. गुरुजी पडवीची लांबी-रुंदी दोरीनं मोजायला लावायचे, तिचं क्षेत्रफळ काढून घ्यायचे आणि मग विचारायचे, "आता सांगा, सारवायला किती पाट्या शेण लागंल?" उत्तर चुकलं तर शेण कमी पडायचं आणि चुकणाऱ्याला आणखी एक पाटी आणायला गावात पिटाळायचे. सकाळी परिपाठाला एक जण बातम्या सांगायचा. त्या पारावरच्या रेडिओवर ऐकलेल्या असायच्या, त्यामुळे देशोदेशीचे पुढारी आमच्याकडे भलत्याच नावांनी ओळखले जात. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी मुलगे झाडांना आळी करत, पाणी घालत, आणि आम्ही मुली वर्ग सारवत असू. शाळेला मंत्रिमंडळही होतं. निवडणूक चिंचोक्यांनी व्हायची, ज्याच्या डब्यात जास्त चिंचोके तो मंत्री. सहा चिंचोके जास्त पडून मी हजेरीमंत्री झाले, आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला.

हजेरीचा एक ध्वज होता. पिवळ्या कापडाचा, त्रिकोणी, कडेला तांबडी झालर. ज्या वर्गातलं एकही पोर आठवडाभर गैरहजर नसेल त्याच्या दारावर तो शनिवारी लागायचा. वर्षाच्या सुरुवातीपासून तो सहावीच्या दारावर होता. सोमवार ते शुक्रवार आमच्या वर्गाचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भरायचे, शनिवारी घोडं अडायचं. शनिवारी आमच्या शेजारची रेहाना येत नसे. परीक्षेचा एक शनिवार सोडला तर एकदाही नाही, आणि परीक्षेच्या आठवड्यात ध्वज बदलत नसे. तिला आणायला जायचं मी दर वेळी काहीतरी सबब सांगून टाळत असे. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला घरी बसवून व्यवहारी अपूर्णांक शिकवले आहेत. पण सातवी त्यांची होती आणि सहावीला नवीन आलेले तरुण मास्तर होते. एकदा त्यांनी मला पडवीत थांबवून सांगितलं, "सुमन, जमत नसंल तर तसं सांग. दुसऱ्याला करू मंत्री." त्या दिवशी मी जेवले नाही.

आमच्या घरचा धंदा पिठाच्या गिरणीचा. पुढे गिरणी, मागे घर. इंजिनाच्या नळकांड्यावर वडलांनी मडकं पालथं घातलेलं होतं, त्यातून दिवसभर 'कुक् कुक् कुक्' असा आवाज यायचा. तो आवाज चालू असला की घरात सगळे ओरडून बोलायचे आणि गिरणी बंद झाली तरी सवयीनं ओरडतच राहायचे. आईची पापणी पांढरी, डाळीच्या फोडणीवर पिठाचा थर, अंथरुणं झटकली की धुकं. हुलग्याचे शेंगोळे केले की आई मला एक वाटी रेहानाच्या घरी नेऊन द्यायला सांगायची आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. आमची आत्या नवऱ्यानं टाकलेली, ती आमच्यातच राहायची आणि गिरणीवर दळणाचे डबे लावून घ्यायची. तोंडानं फटकळ, पण कुणी म्हटलं "बस जरा", तर अर्धा दिवस गप्पा मारत बसणारी.

गिरणीच्या भिंतीला लागून रेहानाचं घर. तिचे वडील बाबूचाचा मण्यार. सायकलला बांगड्यांच्या पेट्या बांधून बाजार करायचे. शनिवारी काष्टीचा मोठा बाजार, त्यामुळे पहाटेच निघायचे. गावातल्या बायकांना बांगड्या भरायचं काम मात्र मुमताजचाची घरी बसून करायच्या. त्यांचा हात असा होता की बायका काष्टीला जाऊन आल्या तरी बांगड्या त्यांच्याकडेच भरायच्या. त्या आपला हात हातात घेत, अंगठ्याखालचं हाड हळूच आत दाबत आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर उतरलेली असे. "हात ढिला सोड, बेटा. तू बांगडीशी भांडू नको, मंग ती तुझ्याशी भांडत न्हाई," असं त्या म्हणायच्या. माझ्या हातावर त्यांनी भरलेली एकही बांगडी भरताना फुटली नाही.

चाचींना फेफरं यायचं. हे गावात कुणालाही माहीत नव्हतं. मला कळलं ते पाचवीत असताना, शेंगोळ्यांची वाटी घेऊन गेले तेव्हा. त्या जमिनीवर पडून हातपाय झाडत होत्या आणि रेहाना, माझ्याच वयाची, त्यांचं डोकं मांडीवर धरून फोडलेला कांदा नाकाशी धरत होती. शुद्धीवर आल्यावर चाचींनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "कुनाला सांगू नको, सुमन. बाया माझ्या हातानं बांगड्या भरनार न्हाईत. सवाष्णीच्या हाताला फेफऱ्यावालीचा हात कोन लावून घेईल?" मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली. तेव्हापासून ते आमच्या तिघींचं गुपित झालं. चाचींना एकटं ठेवायचं नाही, विशेषतः चुलीजवळ, हे मला रेहानाइतकंच ठाऊक होतं. ती पाण्याला गेली की मी बसायचे. इतर दिवशी चूल विझेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, बाबूचाचा घरी असत, शनिवारी मात्र कुणी नसे.

परीक्षेचा तो शनिवार मीच निभावून नेला होता. रेहानाला पेपर बुडवून चालणार नव्हतं. मी सकाळी आत्याला म्हटलं, "आत्या, चाचींकडं नव्या बांगड्या आल्यात म्हने. बघून तरी ये, दिवाळीला घ्यायला व्हतील." आत्या गेली ती शाळा सुटेपर्यंत तिथंच. कशासाठी बसली आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेत जाताना मी रेहानाकडे बघून मान हलवली आणि ती समजली. पेपर झाल्यावर पडवीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

ज्या शनिवारबद्दल सांगते आहे त्या दिवशी तालुक्याहून साहेब यायचे होते. ध्वज तेच आपल्या हातानं लावणार होते. आठवडाभर गुरुजी एकच वाक्य बोलत होते, "साहेबांसमोर सहावीच्या दारावर ध्वज लागला तर मी काय तोंड दाखवू?" मी ठरवलं होतं की आत्याला पुन्हा पाठवायचं. शुक्रवारी ठरवलं होतं. पण शनिवारी उठले तर बाजारामुळे गिरणीवर डब्यांची रांग लागलेली, आत्या कुणाशी तरी भांडत होती, आणि मला साहेबांसाठी शाळेच्या दारात रांगोळी काढायला जायचं होतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी दोनदा गिरणीच्या दारापर्यंत गेले. आत्या डाफरेल म्हणून परत फिरले. बघू, असं मनाशी म्हणाले आणि रांगोळीचा डबा घेऊन पळाले. विसरले, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. मी विसरले नव्हते.

प्रार्थना झाली, हजेरी झाली. अडतीस नंबरला कुणी बोललं नाही. अडतीस रेहाना, एकोणचाळीस मी. गुरुजींनी घड्याळात बघितलं आणि नुसतं म्हणाले, "सुमन." मी उठले. नामदेव नावाचा वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा आणि आणखी तिघं माझ्यामागे निघाले.

रेहाना उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मी न्हाई येत आज," ती म्हणाली.

"काय झालंय? ताप हाय का?" नामदेवानं विचारलं.

"न्हाई."

"मंग? साहेब आल्यात. तुझ्यापाई ध्वज जायाचा व्हय?"

चाची आतून आल्या. पदराला हात पुसत, हसत. त्यांच्या मागे चूल पेटलेली दिसत होती. त्या म्हणाल्या, "जा गं, बेटा. साहेब आल्यात तर जा. मला काय धाड भरलीय? मी हाय की चांगली." आमच्यासमोर त्या दुसरं काय म्हणणार होत्या? रेहाना हलली नाही. नामदेवानं तिचं मनगट धरून ओढलं, तिनं झटका दिला आणि तिच्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. मनगटावर रक्ताची रेघ उठली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला बोलता आलं असतं. शपथ मोडायची गरज नव्हती. 'राहू द्या हिला, बरं नाही' एवढं म्हटलं असतं तरी मंत्र्याचं ऐकावं लागलं असतं. किंवा धावत जाऊन आत्याला आणता आलं असतं, गिरणी वीस पावलांवर होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली. 'चल, काही होत नाही,' एवढंच माझ्या मनात होतं.

ती लगेच उठली. रक्त परकराला पुसलं, आईला काहीतरी हळू सांगितलं आणि आमच्या पुढे चालायला लागली. तिला उचलावं लागलं नाही. नामदेव म्हणाला, "तुझं ऐकती बरं का ही," आणि मला ते आवडलं.

एक्केचाळीस भरले. साहेबांनी स्टुलावर चढून आमच्या दाराला ध्वज बांधला, सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते काही कधी असं करत नसत. साहेब चहाला गेले आणि आम्ही सारवायला बसलो. रेहाना माझ्या शेजारी होती. मला वाटलं होतं ती रुसेल, रस्त्याकडे बघत राहील. पण ती मजेत होती. तिचे हात सरळ आणि एकसारखे फिरत होते, माझे पट्टे वाकडे येत होते म्हणून ती मला हसली. मी म्हटलं, चला, म्हणजे काळजीचं काही नव्हतंच. माझा जीव भांड्यात पडला. तिचं ते हसणं मला आजही जसंच्या तसं दिसतं, आणि आता त्याचा अर्थ ठाऊक झाल्यामुळे दिसू नये असं वाटतं.

निम्मी पडवी सारवून झाली तेव्हा आत्या फाटकातून आत आली. अनवाणी, कोपरापर्यंत पीठ, आणि ओल्या सारवणावरून थेट चालत. "रेहाने, चल," एवढंच ती म्हणाली. आत्या एवढं कमी बोलते हे ऐकूनच माझ्या हातातलं शेण गळून पडलं.

चाची चुलीसमोर पडल्या होत्या. उजवा हात आगीत गेला होता आणि शुद्ध नसल्यामुळे तो तिथेच राहिला. ओरडल्या असतील तर गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. भिंतीपलीकडे आठ-दहा माणसं डबे घेऊन उभी होती. वास आला तेव्हा आत्याला वाटलं इंजिनाचा पट्टा जळतोय. तिनं पट्टा बघितला, मग मडकं बघितलं, आणि मग ती बाहेर आली. आमच्याच वडलांनी टेम्पो आणून चाचींना नगरला दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. पण हाताची बोटं तळव्याला चिकटली ती कायमची, आणि ती मूठ पुन्हा उघडली नाही. गुपितही उघडं पडलं. ज्या बायका वर्षानुवर्षं चाचींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या त्या म्हणू लागल्या, "अगं बाई, आन् आपन हिच्या हातानं चुडा भरला!" माझ्या आईनं तसं म्हटलं नाही, पण घरातल्या त्यांच्याकडच्या बांगड्या तिनंही एक दिवस काढून ठेवल्या. दोन महिन्यांत बाबूचाचांनी घर आवरलं आणि ते प्रवरेकाठी कोल्हारला आपल्या मेव्हण्याकडे गेले. जाताना रेहाना टेम्पोत पाठमोरी बसली होती. मी गिरणीच्या दारात उभी होते. तिनं वळून बघितलं नाही आणि मीही हाक मारली नाही.

त्या प्रसंगानंतर सोमवारी हजेरी झाली. गुरुजींनी अडतीस म्हटलं आणि थांबले. का ते मला आजही सांगता येत नाही, पण मी म्हणाले, "हजर." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून त्यांनी पटावर खूण केली आणि एकोणचाळीस म्हटलं. मी पुन्हा म्हणाले, "हजर." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि मग ते रोजचंच झालं. दाखला न्यायला कुणी आलं नव्हतं, त्यामुळे नाव पटावर होतंच. वर्ष संपेपर्यंत ध्वज आमच्या दारावरून हलला नाही. निरोपसमारंभात माझा सत्कार झाला, नारळ आणि कंपासपेटी मिळाली.

हल्ली मी सुप्याला धाकट्याकडे असते. तो तिथल्या एका कारखान्यात आहे. परवा नात शाळेतून पत्र घेऊन आली, शंभर टक्के उपस्थितीचं. सुनेनं त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "आजी, तापात पन गेल्ते मी," असं पोरगी मला कौतुकानं सांगत होती. मी तिला जवळ घेतलं. त्या रात्रीपासून हे लिहायला घेतलं.

चार वर्षांपूर्वी मुलगा-सून मला देवदर्शनाला घेऊन निघाले होते. कोल्हारला चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला बांगड्यांचं लहानसं दुकान होतं. पाटावर बसलेल्या बाईनं डोळे वर केले आणि मी ओळखलं. तिनंही ओळखलं. केस पांढरे, अंगानं भरलेली, पण बघणं तेच.

"बस," रेहाना म्हणाली.

मी समोर बसले आणि डावा हात पुढे केला. तिनं तो हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड आत दाबलं. अगदी तोच दाब. हिरव्या काचेची एक बांगडी उतरली, दुसरी उतरली. मी विचारलं, "चाची?"

"गेल्या. लई वरसं झाली. डाव्या हातानं सगळं करायच्या." तिसरी बांगडी भरताना ती म्हणाली, "तुझी आत्या हाय का?"

"न्हाई. तीपन गेली."

"अम्मीचा तिच्यावर लई राग हुता. माझापन हुता, खोटं कशाला बोलू." ती बांगडीकडेच बघत बोलत होती. "तू मान हलवलीस, म्हनून मी उठले त्या दिवशी. मी अम्मीला सांगितलं, सुमननं आत्याला सांगितलंय, येतीच हाय ती. अम्मी वाट बघत हुती तिची. मरेपर्यंत म्हनायची, येती म्हनून का आली न्हाई ती बाई? तिला काय ठाव न्हवतं, मान्य हाय. पन यायचं तर हुतं."

माझ्या हातावर पाच बांगड्या होत्या. गप्प बसणं सोपं होतं. आत्या मेलेली, चाची मेलेल्या, आणि गप्प बसायची मला सवय होती. पण आत्यानं त्या दिवशी पिठाच्या हातांनी चुलीतून तो हात बाहेर काढला होता. तिच्याही तळव्यांना फोड आले होते.

"आत्याला मी सांगितलंच नव्हतं," मी म्हणाले. "गिरणीच्या दारापर्यंत गेल्ते. परत फिरले."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, उंबऱ्यात बसून बघितलं होतं तसं. या वेळी मला मानही हलवता आली नाही. मग तिनं सहावी बांगडी उचलली, डाव्या हाताच्या पुऱ्या केल्या. बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायची आपल्याकडे रीत आहे. मी वाकले तेव्हा तिनं पाय मागे घेतले. उरलेल्या बांगड्या तिनं दांडीवर परत ओवल्या आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "ये बेटा, बस."

मी उठून गाडीत येऊन बसले. गाडी सुरू झाल्यावर सुनेनं माझ्या हातांकडे बघितलं.

"आई, एकाच हातात?"

"व्हय," मी म्हटलं. "एवढ्याच भरल्या तिनं."